हाऊल्स मूव्हिंग कॅसल : किल्ला चालला, पण सोफीचं तोंड का बंद केलं?

अनवट

नेटफ्लिक्सवर जपानच्या स्टुडिओ घिबलीचे ॲनिमेशन सिनेमे २०२० साली आले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतलं जो तो ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ बघून भारावलेला भेटतो. भारावण्याची कारणंही ठरलेली. संगीतकार जो हिसाइशीचं ते गरगर फिरवणारं वॉल्ट्झ, छपरांच्या वरून हवेत चालत जायचा प्रसंग, आणि पॅनमध्ये तडतडणारं बेकन नि अंडी. तिन्ही गोष्टींना माझाही दंडवत. सिनेमा मला आवडतो हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिला प्रतिसाद ‘आवडत नाही तर बघता कशाला’ असा येईल.

पण मी आधी डायना विन जोन्सबाईंची मूळ कादंबरी वाचली होती, आणि सिनेमा पाहिल्यापासून एक गोष्ट डाचते आहे. दिग्दर्शक मियाझाकींनी नायिकेचं, सोफीचं, तोंड बंद केलं.

(कादंबरी १९८६ची, सिनेमा २००४चा. रहस्यभेदाची ओरड करायची मुदत केव्हाच संपली. पुढे सगळं फोडलंय.)

पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. इंगरी नावाचा देश. सोफी हॅटर तीन बहिणींतली थोरली. परीकथांचा नियम असा की नशीब काढते ती धाकटी. थोरली आधी निघते आणि आधी आपटते. इंगरीत हा नियम लोक खराच मानतात, आणि सोफीने तो इतका मनाला लावून घेतलाय की बाप गेल्यावर ती मुकाट हॅटच्या दुकानात बसते आणि जन्म इथेच जायचा असं धरून चालते. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून हॅट्सशीच बोलते. एक चुण्याचुण्यांची, दिसायला अगदीच सामान्य हॅट असते. तिची दया येऊन सोफी तिला म्हणते, तुझं मन सोन्याचं आहे, कोणीतरी बडा माणूस ते ओळखेल आणि तुझ्या प्रेमात पडेल. दुसऱ्या दिवशी ती हॅट जेन फॅरिअर नावाची मुलगी घेऊन जाते. पुढे गावभर बातमी, जेन फॅरिअर कॅटरॅकच्या काउंटबरोबर पळून गेली!

लेखिका यावर चकार शब्द काढत नाही. सोफी जे बोलते ते होतं, हे वाचणाऱ्याला उमगतं, आणि सोफीला स्वतःला मात्र बराच काळ पत्ता नसतो. कुंपणातल्या बुजगावण्याशी ती दोन शब्द बोलते आणि ते टुणटुणत तिच्या मागे लागतं. हातातल्या काठीला येताजाता सुनावते आणि काठी जादूची होते. विच ऑफ द वेस्टने, म्हणजे ओसाड माळावरच्या चेटकिणीने, शाप देऊन तिला नव्वदीची म्हातारी केल्यावर तर तोंडाचा पट्टा सुटतोच. तरुणपणी जिला रस्त्यात कोणी हटकलं तरी घाम फुटायचा, ती आता परक्या जादूगाराच्या, हाऊलच्या, घरात घुसते, त्याच्या चुलीतल्या कॅल्सिफर नावाच्या राक्षसाला दमात घेते, घरभर झाडू फिरवते आणि मालकाला फैलावर घेते. तिची कटकट हीच तिची विद्या. घरातल्या ज्या बडबडीकडे सगळे कानाडोळा करतात तिच्यात जग हलवायची ताकद आहे, ही कल्पना मला कुठल्याही उडत्या किल्ल्यापेक्षा मोठी वाटते.

आता एकच प्रसंग दोन्हीकडे कसा आहे ते बघा. हाऊलला राजाचं काम टाळायचंय, म्हणून तो सोफीला आपली आई म्हणून राजधानीला धाडतो. कादंबरीत ती आधी हाऊलच्या म्हाताऱ्या गुरूबाईंना, मिसेस पेंटस्टेमनना भेटते. बाई तिच्याकडे नीट बघतात आणि सांगतात की तुझ्यात वस्तूंमध्ये प्राण घालायची शक्ती आहे, ती काठी बघ, बोलून बोलून तू तिची जादूची छडी केलीयस. सिनेमात त्याच जागी मादाम सुलिमान आहे. तीही गुरू, तीही सोफीकडे नीट बघते. आणि काय सांगते? तू हाऊलच्या प्रेमात पडलीयस.

एका गुरूला चेटकीण दिसली, दुसरीला प्रेयसी. माझं सगळं भांडण या दोन वाक्यांत आलं.

हाऊलचंही तेच झालंय. पुस्तकातला हाऊल नटव्या, आळशी, पळपुटा आणि भयंकर विनोदी आहे. रोज सकाळी दोन दोन तास न्हाणीघरात. त्याचा शागीर्द मायकल म्हणतो, ज्या दिवशी हा न्हाणीघर विसरेल त्या दिवशी मी मानेन की हा खरंच प्रेमात पडलाय. आणि अगदी शेवटी सोफी संकटात असताना हाऊल येतो तो दाढी वाढलेली, केस पिंजारलेले, अशा अवतारात. लेखिका तिथेही ‘बघा, प्रेम’ असं सांगत नाही. ज्याच्या लक्षात आलं त्याचं आलं. सिनेमातला हाऊल देखणा आहे, दुःखी आहे, पक्षी होऊन रात्री युद्धात उडतो, आणि त्याच्यावर फिदा व्हायला आपल्याला काही कष्टच पडत नाहीत. केस बिघडल्यावर हिरवा चिकट चिखल गाळत बसायचा प्रसंग तेवढा वाचलाय.

युद्धाबद्दल लिहायला गेले तर धागा आडवा जाईल, म्हणून एवढंच : पुस्तकात युद्धाची नुसती कुजबूज आहे, सिनेमात त्याने अर्धा पडदा खाल्लाय, आणि शेवटी सुलिमान ‘चला, हे मूर्ख युद्ध थांबवू या’ म्हणते आणि ते थांबतं. असं?

बोला मंडळी.


खारेदाणे

पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे मला काही डाचलं नाही. सुखी आहे मी.

गंमत सोडा, पण सिनेमा बघताना ‘मूळात काय होतं’ हे डोक्यात ठेवायचं कशाला? मी २ तास तोंड उघडं टाकून बघितला. तो किल्ला म्हणजे भंगारवाल्याच्या गोदामाला कोंबडीचे पाय, आणि तरी तो धापा टाकत चालतो तेव्हा त्याची काळजी वाटते. पुस्तकात असा किल्ला आहे का?


अनवट

@खारेदाणे, नाही. पुस्तकातला किल्ला म्हणजे चार बुरुजांची उंच काळी इमारत, टेकड्यांवरून काळा धूर सोडत घरंगळणारी. पाय नाहीत. किल्ल्याच्या बाबतीत मियाझाकी शंभर पावलं पुढे, त्यात वादच नाही.


रा_रा_कोपरखळीकर

सालाबादप्रमाणे ‘पुस्तक भारी की सिनेमा’ धागा उघडल्याबद्दल अभिनंदन. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माझं मत विचारलं नाहीये तरी देतो : ज्याला मूळ हवंय त्याने मूळ वाचावं. दिग्दर्शक काही लेखकाचा कारकून नाही. तसाही हा सिनेमा आधी मामोरू होसोदा करणार होते, ते बाहेर पडले आणि मग तो मियाझाकींकडे आला. आल्यावर त्यांनी तो पुरता आपला करून टाकला. विमानं, ढग, हिरवे माळ, खंबीर मुलगी. हिशेब पूर्ण.


मधुमालती_के

अनवटताई, लेख झकास, पण मुद्द्याला माझा कडक विरोध. नोंदवून घ्या.

कादंबरीत पुढे एक जागा आहे. हाऊल सोफीला सांगतो की मी तुझ्या नकळत तुझा शाप काढायचा प्रयत्न केला, एकदा नाही, बरेचदा. निघाला नाही. मग माझ्या लक्षात आलं की म्हातारपणाचं हे सोंग तूच धरून ठेवलंयस, तुलाच ते आवडतंय. माझ्या मते हा पुस्तकाचा गाभा. आता हे पडद्यावर कसं दाखवणार? पात्राच्या तोंडी घातलं तर भाषण होतं. मियाझाकींनी काय केलं बघा : सोफीचं वय सिनेमाभर बदलत राहतं. झोपली की तरुण. कशाने तरी उचंबळून आली की पाठ सरळ, सुरकुत्या गायब. लाजली, स्वतःला कमी लेखलं, की परत म्हातारी. कोणीही त्यावर बोलत नाही. एक वाक्य होतं, त्याचा अख्खा सिनेमा केला त्यांनी!

आणि तुमचा तो सुलिमानचा प्रसंग परत बघा. सोफी तिथे गप्प आहे का? तिथे ती हाऊलची बाजू घेऊन त्या बाईला तोंडावर सुनावते. आणि सुनावता सुनावता तरुण होत जाते. म्हणजे तोंड चालवल्यावर शाप उतरतोय. सुलिमान ‘तू प्रेमात पडलीयस’ म्हणते त्या क्षणी सोफी चपापते आणि पुन्हा आजी होते. तुम्ही म्हणता तिथे प्रेयसी दिसली. मी म्हणते, तिथे दुसऱ्या कोणीतरी तिला नाव दिलं आणि तिचं बोलणं तुटलं.

जाता जाता : हा सिनेमा जपानीत बघा. तिकडे चिएको बाइशो या एकाच बाईंनी दोन्ही वयांचा आवाज दिलाय. त्यामुळे चेहरा बदलतो तेव्हा आवाज हळूच सरकतो, तुटत नाही. इंग्रजीत तरुण सोफी एमिली मॉर्टिमर आणि म्हातारी जीन सिमन्स. दोघी उत्तम, पण दोन बायका झाल्या की ‘हे सोंग आहे’ ही गोष्टच हातातून जाते.


टिचकी

मधुमालती, +१. आणि एकाच आवाजाचा मुद्दा तर +१००. इंग्रजीत बघितला होता, आज रात्री जपानीत.


अनवट

@मधुमालती, वय सरकण्याबद्दल तुझं म्हणणं पटण्यासारखं आहे, आणि त्या प्रसंगात ती सुनावते हेही खरं. पण फरक बघ ना. सिनेमात ती बोलते तेव्हा बदलतो तो तिचा स्वतःचा चेहरा. पुस्तकात ती बोलते तेव्हा जेन फॅरिअरचं नशीब बदलतं, काठीत जीव येतो. एकीची वाणी आतल्या आत काम करते, दुसरीची गावात. ‘स्वतःवर विश्वास ठेव, सुंदर दिसशील’ हे सांगणाऱ्या गोष्टी शेकड्याने मिळतात. ‘तू पुटपुटतेस ना, ते खरं होतंय, जरा जपून’ हे सांगणारी मला ही एकच भेटली.


मधुमालती_के

बरं, मग शेवट? हाऊलचं हृदय हातात घेऊन सोफी म्हणते की कॅल्सिफर हजार वर्षं जगो आणि हाऊलला त्याचं मन परत मिळो. आणि दोन्ही होतं! हे पुस्तकातलंच आहे की, तिकडेही ती कॅल्सिफरला आणखी हजार वर्षं जग असं सांगूनच वाचवते. वाणीची जादू ठेवलीय त्यांनी.


अनवट

ठेवलीय, पण आधी पेरलेली नाही. हॅटच्या दुकानातलं ते बोलणं, तिच्या बोलण्याने जागं होणारं बुजगावणं, काठी, हे सगळं गाळलं आणि शेवटचा चमत्कार तेवढा ठेवला. म्हणून पुस्तक न वाचलेल्याला वाटतं की प्रेमाने झालं. खारेदाण्यांना विचार.


खारेदाणे

हो, मला प्रेमानेच झालं असं वाटलं होतं. 🙂 मला मध्ये ओढू नका.


जुना_पंखा

युद्धाचा मुद्दा अनवट यांनी दोन ओळींत उडवला, तो मी उचलतो.

मियाझाकी जन्मले जानेवारी १९४१मध्ये. घरचा कारखाना विमानांचे सुटे भाग बनवायचा, झीरो लढाऊ विमानांची सुकाणं तिथे तयार व्हायची. जुलै १९४५मध्ये उत्सुनोमियावर बाँब पडले तेव्हा हे चार वर्षांचं पोर तिथे होतं. ज्या यंत्राने घर चालवलं त्याच जातीच्या यंत्राने शहर जाळलं. त्यांच्या सिनेमांत विमानावर एवढा जीव आणि विमान जे करतं त्याची एवढी चीड एकाच वेळी का असते, ते इथे कळतं. ‘हाऊल’मध्ये रात्री शहर पेटतं त्या चौकटी आठवा. लाल आभाळ, खालून पोटं उजळलेली ती जड जहाजं. भयंकर आहे, आणि नजर हटत नाही.

त्यात २००३ साल आलं. इराकवर हल्ला झाला, त्याच मार्चमध्ये त्यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळालं आणि हे घ्यायला गेलेच नाहीत. इराकवर बाँब टाकणाऱ्या देशात मला जायचं नव्हतं, हे त्यांनी उघडपणे सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी, २००९मध्ये. ‘हाऊल’ बनला तो या रागाच्या काळात. त्यामुळे हाऊल जेव्हा आपल्याच बाजूच्या जहाजांची वाट लावतो आणि सोफी विचारते की ही शत्रूची की आपली, तेव्हा तो म्हणतो, काय फरक पडतो. तिथे हाऊल बोलत नाहीये, म्हातारबुवा बोलतायत.

जोन्सबाई १९३४च्या, लंडनच्या. युद्ध सुरू झालं तेव्हा पाच वर्षांच्या. लंडनवर बाँब पडणार म्हणून त्यांना वेल्सला आजोबांकडे पाठवून दिलं. म्हणजे दोघंही युद्धातली मुलं. त्या स्वतः म्हणाल्या होत्या की आमच्यावर त्याचा परिणाम अगदी उलटा झाला : त्या युद्ध गोष्टीबाहेर ठेवतात, कारण ते किती वाईट असतं ते सगळ्यांना ठाऊकच आहे, आणि मियाझाकी मात्र युद्धाची किळसही दाखवतात आणि बाँबफेकीचा थाटही. टोमणा आहे, पण मायेचा. सिनेमा त्यांना आवडला होता.

आता शेवटाबद्दल. ‘चला, थांबवू या’ हे अनवट यांना बाळबोध वाटलं. मला तो सिनेमातला सगळ्यात कडवट विनोद वाटतो. इतकी गावं जळली, आणि थांबवणं इतकं सोपं होतं! राजवाड्यातल्या एका खुर्चीत बसून एका बाईने ठरवलं की झालं. मग आधी का नाही ठरवलं?


रा_रा_कोपरखळीकर

जुना पंखा, जोरात फिरलात. शेवटचा परिच्छेद पटला. बाकी युद्धाने सिनेमाची मधली वीण उसवली आहे ती आहेच. दुसऱ्या अर्ध्यात कोण कुठे आणि कशाला चाललंय ते मला अजून धड कळलेलं नाही. सोफी घर पाडते आणि लगेच परत उभं करते ते का, सांगा बरं कोणी.


टिचकी

ते कोणालाच माहीत नाही. त्यावर बोलायचं नसतं.


कार्डिफकर

सगळे युद्धावर भांडतायत आणि खरी चोरी झाली ती कोणी बोलतच नाही. वेल्स पळवलं की हो आमचं!

सिनेमा बघितलेल्यांना तो दरवाजा आठवत असेल, वर रंगीत तबकडी, जो रंग खाली येईल त्याप्रमाणे दार वेगळ्या गावी उघडतं. निळा पोर्टहेवन, लाल किंग्जबरी, हिरवा जिथे किल्ला असेल तिथे. हे दोन्हीकडे सारखंच. चौथा रंग काळा. सिनेमात काळ्या दाराबाहेर अंधार आणि युद्ध. पुस्तकात काळ्या दाराबाहेर काय आहे? आपलं हे जग. वेल्समधली एक साधी वसाहत, पाऊस, टीव्ही लावलेलं घर, कॉम्प्युटर गेमला चिकटलेला भाचा, आणि ‘तू पोटापाण्याचं काय करणार आहेस’ म्हणून हाऊलला झापणारी मोठी बहीण मेगन. हाऊल म्हणजे मुळात हॉवेल जेंकिन्स. मंत्रतंत्रांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट केलेला आणि घरच्यांच्या लेखी फुकट गेलेला. इंगरीतला महाभयंकर जादूगार इकडे रग्बीचं जॅकेट घालून बहिणीची बोलणी खातो!

सोफीला तिथली मोटारगाडी, टीव्ही, सगळंच जादू वाटतं, आणि आपण हसत सुटतो. मेगनच्या घराच्या फाटकावर नाव काय, तर रिव्हेंडेल, म्हणजे टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं एल्फांचं ठिकाण. जोन्सबाई ऑक्सफर्डला शिकल्या, टॉल्किनची आणि सी. एस. लुईसची व्याख्यानं त्यांनी प्रत्यक्ष ऐकली होती. त्यातून ही टपली.

आणि गाणं! कॅल्सिफर चुलीत बसून एक सॉसपॅनचं बावळट गाणं गुणगुणत असतो, आणि मग एका रात्री हाऊल रग्बी क्लबाच्या मेळाव्यातून पिऊन येतो तो तेच बरळत. ते म्हणजे ‘सोस्बान वाख’, छोट्या सॉसपॅनचं वेल्श लोकगीत. लानेथ्ली गावच्या रग्बीवाल्यांचं तर ते जवळजवळ राष्ट्रगीत. इथे सामन्याच्या दिवशी पबमधून ते ऐकू येतं तेव्हा मला हटकून कॅल्सिफर आठवतो.

हाऊलवरचा शापही तिकडूनच आलाय. भाच्याच्या शाळेच्या गृहपाठात जॉन डनची पडत्या ताऱ्याची कविता, तो कागद चुकून इंगरीत पोचतो आणि कवितेतली एकेक अशक्य गोष्ट खरी होत जाते. त्यात दहा हजार दिवसांचा उल्लेख आहे. हाऊलच्या वयाचे दहा हजार दिवस भरले, म्हणजे सत्तावीस वर्षं नि काही महिने, की शाप लागणार. एका सतराव्या शतकातल्या कवीच्या ओळींवर अख्खं कथानक टांगलंय, आणि वाचताना कळतसुद्धा नाही.

मियाझाकींना हे ठेवता आलं नसतं, मान्य. दोन तासांच्या सिनेमात तेवढ्यात जादूगाराची बहीण आणि तिचा टीव्ही आणला असता तर प्रेक्षक उठून गेले असते. पण काळ्या दारामागे बहिणीच्या जागी युद्ध ठेवलं, म्हणजे हाऊलला घरच काढून घेतलं. सिनेमातल्या हाऊलला मागे कोणीच नाही. लहानपणीचा एक माळ आणि एक खोपटं. पुस्तकात तो घरच्यांपासून पळतोय हे कळतं, म्हणून त्याचा पळपुटेपणा खरा वाटतो.


अनवट

@कार्डिफकर, काळ्या दाराचा हा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता असं वाटण्याइतका आवडला. मेगन माझी लाडकी. दोन प्रकरणांपुरती येते आणि हाऊलची सगळी ऐट उतरवून जाते.


लिंबूसरबत

मी इथे फारशी लिहीत नाही. पण सगळे जे गमावलं त्याचं बोलताय, म्हणून जे मिळालं त्याचं लिहिते.

लेकीबरोबर बघितला. ती नऊ वर्षांची. किल्ला चालायला लागल्यावर म्हणाली, ‘आई, ही तर चल रे भोपळ्यातली म्हातारी!’ पुढचा सिनेमाभर तिच्या लेखी सोफी लेकीकडे निघाली होती, तूपरोटी खायला. कॅल्सिफर आवडला, टर्निप डोकं, म्हणजे सिनेमातलं ते बुजगावणं, आवडलं. तिचं झालं.

मी अडकले ती चेटकिणीत. राजवाड्याच्या पायऱ्यांचा प्रसंग आठवतोय? दोन म्हाताऱ्या एकाच वेळी पायऱ्या चढतायत. एकीने दुसरीला शाप दिलेला. सोफीच्या काखोटीला ते जड कुत्रं, आणि शेजारी ही बाई घामाने निथळतेय, हनुवटीखाली सगळं मांस लोंबतंय, तरी हॅट सरळ करत वर सरकतेय. शाप देणारीला मागे टाकून पुढे जाताना सोफी वळून वळून तिच्याकडे बघते. हरवल्याचा आनंद नाही त्या बघण्यात. पुस्तकात हा प्रसंग नाही ना?

वर गेल्यावर सुलिमान तिची सगळी शक्ती काढून घेते आणि उरते एक भ्रमिष्ट आजी. कुठे आहोत ते कळत नाही, निखाऱ्याकडे बघून ‘किती छान विस्तव’ म्हणते, आणि मध्येच असं काही अचूक बोलते की सगळे चमकतात. सोफी तिला घरी आणते, खाऊ घालते, पांघरूण घालते. जिने आपलं तारुण्य खाल्लं तिला चमच्याने भरवायचं. माझ्या सासूबाईंची शेवटची काही वर्षं मी केली आहेत. आमचं आधी कधी पटलं नव्हतं, एवढंच लिहिते. भरवताना माणूस जुनं काढत नाही, घास गिळला गेला का ते बघतं. ते त्या चित्रांत बरोब्बर आहे. सोफीच्या चेहऱ्यावर ना उपकाराचा भाव, ना मोठेपणाचा.

आणि शेवटी ही आजी हाऊलचं हृदय घट्ट मुठीत धरून बसते. सोफी ते हिसकावत नाही. तिला मिठी मारते, थांबते, मागते. आजी म्हणते, एवढं हवंय का तुला, आणि देऊन टाकते. सोफीचं तोंड बंद केलं म्हणता, पण तिथे तिने बोलण्यापेक्षा थांबूनच जास्त मिळवलं.


मधुमालती_के

लिंबूसरबत, तुम्ही ‘फारशी लिहीत नाही’ हे चालणार नाही. लिहा.


टिचकी

चेटकिणीचा जपानी आवाज अकिहिरो मिवा यांचा, हे कळल्यावर मी तो भाग दोनदा बघितला. पुरुष कलाकार आहेत, आणि काय ठसका आहे त्या आवाजात! इंग्रजीत लॉरेन बकॉल, तीही काही कमी नाही.


अनवट

@लिंबूसरबत, नाही, पुस्तकात यातलं काही नाही. तिथली चेटकीण शेवटपर्यंत चेटकीणच राहते आणि मरते. खरी मेख तिच्या अग्निराक्षसात असते, ती मिस अँगोरियन बनून भाच्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत असते. कथानक म्हणून झकास, पण चेटकिणीची कीव करायला जोन्सबाई थांबत नाहीत. त्या कोणाचीच करत नाहीत, सोफीचीसुद्धा. त्यांचं म्हातारपण म्हणजे मोकळीक : गुडघे दुखतात, पण भीती जाते. मियाझाकींचं म्हातारपण अंगावर येतं, त्याला उचलून न्यावं लागतं. तुमचं वाचून मला पहिल्यांदा वाटलं की दोघांनी सोफीवरून भांडण मांडलंच नसेल, दोघांना वेगळ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या.

तरीही. भरवायला सोफी, पांघरायला सोफी, झाडायला सोफी, मिठी मारायला सोफी. एवढं सगळं करणाऱ्या बाईला एक कजाग तोंड ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पुस्तकात झाडू मारता मारता ती जे बडबडते त्यावर हाऊल वैतागतो, चिडवतो, तिच्या लांब नाकावरून बोलतो, आणि त्या चकमकीतून ते दोघं जवळ येतात. लग्न झाल्यावरही हे असंच भांडत राहणार, आणि मजेत राहणार, अशी शेवटी खात्री पटते. सिनेमात चुंबन आहे, उडता किल्ला आहे, आणि ती दोघं उद्या सकाळी काय बोलतील याचा मला काही अंदाज येत नाही.


रा_रा_कोपरखळीकर

काय बोलतील? ‘न्हाणीघरातून बाहेर ये.’


जुना_पंखा

😀 हे बरोबर.

अवांतर : पुस्तकाची अर्पणपत्रिका वाचलीय का कोणी? एका शाळेत गेल्या असताना एका मुलाने जोन्सबाईंना सांगितलं की चालत्या किल्ल्यावर पुस्तक लिहा. त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि इतक्या जपून ठेवलं की नंतर ते सापडलंच नाही. हे त्यांनी तिथे छापून टाकलंय.


खारेदाणे

ठीक आहे, हरलो. पुस्तक मागवतोय. पुढचे भाग आहेत म्हणे, ते पण एकदमच घेऊ का?


कार्डिफकर

आहेत दोन. ‘कॅसल इन द एअर’ १९९०चं आणि ‘हाऊस ऑफ मेनी वेज’ २००८चं. पण पहिलं वाचून मगच बाकीची घ्या. दुसऱ्याचा नायक अब्दुल्ला नावाचा गालिचेवाला, तिसऱ्याची नायिका शार्मेन नावाची पुस्तकातून डोकं न काढणारी मुलगी. हाऊल नि सोफी मुख्य नाहीत.


खारेदाणे

नाहीत? मग कशाला वाचू?


अनवट

आहेत. वेषांतर करून आहेत. दुसऱ्या पुस्तकात कोण कुठे लपलंय ते तुम्हीच शोधा, मी सांगणार नाही. तिसऱ्यात हाऊल काय बनून येतो ते कळल्यावर मात्र इथे येऊन लिहा, कारण तो प्रकार वाचून मी तीन स्टेशनं लोकलमध्ये एकटी हसत होते आणि शेजारच्या बाई सरकून बसल्या.